आमेन झाल्यावरही

आमच्या घरात सासू-सुनेचं भांडण असं कधी झालंच नाही, कारण सासूबाईंना जे बोलायचं असे ते त्या देवाला सांगत. संध्याकाळी जेवणाआधी घरप्रार्थना व्हायची. आम्ही सगळे डोळे मिटून, मान खाली घालून बसायचो आणि त्या सुरू करायच्या. आधी पाऊसपाणी, मग आजारी माणसं, चर्चच्या मंडळीतल्या विधवा, देशाचे पुढारी. मग आवाज जरा खाली यायचा. "प्रभू, तू सर्व जाणतोस. माझ्या मास्तरीण सुनेला शाळा सुटल्यावर घरी यायला उशीर होतो, वाटेत मैत्रिणींशी बोलण्यात तिचा वेळ जातो. तिला घराची ओढ लाव." समोर आमटी निवत असे आणि मी मिटल्या डोळ्यांनी दातओठ खात असे. उत्तर देता येत नसे, कारण त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. प्रार्थनेत मध्ये बोलायचं नाही, हे तर आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. शेवटी सगळ्यांबरोबर मलाही आमेन म्हणावं लागे. म्हणजे माझ्याविरुद्धच्या तक्रारीला माझंच अनुमोदन.

एकदा माझी प्रार्थनेची पाळी आली तेव्हा मीही संधी साधली. "प्रभू, आईंना शुगर आहे आणि नाताळच्या डब्यातल्या करंज्या दुपारच्या वेळी कमी होताहेत. त्यांना संयम दे." सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची नव्हती, हे सगळ्यांना कळलं. आमेन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "देवासमोर चेष्टा करू नये." पण त्या दिवसापासून त्या मला जरा मानायला लागल्या असं मला वाटतं. निदान माझ्यासाठी दोन करंज्या मागे ठेवायला लागल्या.

सासूबाई नर्स होत्या. माहेर जामखेडकडचं, कोरडवाहू मुलखातलं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांनी मुलीला लहानपणीच नगरच्या बोर्डिंगात घातलं. तिथून त्या नर्सिंग शिकल्या आणि श्रीगोंद्याच्या बाजूला, आमच्या गावात मिशनचा एक छोटा दवाखाना होता, तिथे कामाला आल्या. सासरे इथल्याच हायस्कुलात गणित शिकवायचे. अबोल माणूस. घरात बोलायचं काम सासूबाईंकडेच होतं आणि ते त्यांनी कधी दुसऱ्या कोणावर सोपवलं नाही.

गावातल्या ज्या घरांत आमच्या वस्तीतल्या माणसाला ओसरीच्या खाली बसवून वरून ओंजळीत पाणी घालायचे, त्याच घरांत सासूबाई चपला काढून सरळ आतल्या खोलीत शिरायच्या. आत बाई अडलेली असे, मग त्यांना अडवणार कोण? "पाणी उकळा आणि बाप्यांनी बाहेर व्हा," एवढं म्हणून त्या घर ताब्यात घ्यायच्या. हे सांगताना त्या स्वतः हसायच्या. मला मात्र ऐकताना राग यायचा, अजूनही येतो. बाळ हातात आल्यावर त्याच घरात त्यांना चहा कुठल्या कपातून मिळायचा, हे मी विचारलं होतं. त्यांनी विषय बदलला.

हा सगळा साखर कारखान्यांचा पट्टा. दिवाळीनंतर ऊसतोडीची माणसं आली की गावाबाहेर उसाच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, उभ्या राहतात. त्यात पुष्कळशी जामखेडकडची असत, त्यामुळे सासूबाई त्यांना "माझ्या माहेरची" म्हणायच्या. दिवस भरत आलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना दिसली की त्या मुकादमाला गाठून असं झापायच्या की तो दुसऱ्या दिवशी वाट बदलून जायचा. रिटायर झाल्यावरही हंगामात त्यांची पिशवी भरलेलीच असे. माझं लग्न झालं त्या हिवाळ्यात त्या मलाही बरोबर घेऊन गेल्या. कोपीला दार नव्हतं, म्हणून मी लुगडं ताणून आडोसा धरून उभी होते. आत सासूबाई एकाच दमात देवाला विनवत होत्या आणि त्या बाईला दटावत होत्या. कुठलं वाक्य कुणासाठी, ते बाहेर कळत नव्हतं. मुलगी झाली. सासूबाई घामाघूम बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "हात दुखले का गं?" देवाची मध्यस्थी न घेता त्या माझ्याशी बोलल्या, असं माझ्या आठवणीतलं ते पहिलं वाक्य.

मागच्या हंगामात, सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातला कप कलला. चहा मांडीवर सांडला तरी त्या कपाकडेच बघत राहिल्या. नगरला दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. घरी आणलं तेव्हा कॉटवर एक लहान झालेली बाई होती आणि तिच्या तोंडून नुसतं "अं, अं" येत होतं. घरप्रार्थना आता माझा नवरा करायला लागला. तो त्याच्या वडिलांवर गेलाय, त्यामुळे ती चार वाक्यांत संपायची. आमटी गरम असतानाच आम्ही जेवायला लागलो आणि मला जेवण जाईना. ज्या टोमण्यांनी माझं डोकं उठायचं, ते ऐकायला मी इतकी आसुसेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मग एका रविवारी, उपासना सुटल्यावर, चर्चचे पाळकसाहेब आणि मंडळीतली बरीच माणसं त्यांना भेटायला आली. पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. ही आमच्याकडे पोराला बोलता यायला लागलं की शिकवतात, आणि मरेपर्यंत ती रोज म्हटली जाते. दुसऱ्या ओळीला एक आवाज वाढला. स्पष्ट, ठणठणीत, एकही अक्षर न अडखळता. सासूबाई म्हणत होत्या! शेवटच्या आमेनपर्यंत त्यांनी पूर्ण प्रार्थना म्हटली. खोलीत एक डोळा कोरडा राहिला नाही. माझा नवरा लहान मुलासारखा त्यांच्या पायाशी बसून रडला. मीही रडले. मी मनात म्हटलं, आता येईल वाचा, आता थोडे दिवस.

वाचा आली नाही. आली ती तेवढी प्रार्थना.

चहा दिला की प्रार्थना. पंखा लावला की प्रार्थना. शेजारची पोरं अंगणात ओरडायला लागली की कपाळाला आठ्या घालून प्रार्थना. सुरुवातीला आम्ही प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून डोळे मिटायचो. एकदा माझ्या हातात उकळत्या दुधाचं पातेलं होतं, तरी मी मान खाली घातली. आमेन म्हणून डोळे उघडले तर सासूबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाल्या होत्या. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. या बाईने आयुष्यात कधी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना केली नव्हती. रविवारच्या शाळेत कुणा पोराने डोळे किलकिले केले तर टपली मारणारी बाई ती.

नगरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. म्हणाले, लहानपणापासून घोकून पाठ झालेलं असतं ते मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं, ते शाबूत राहिलंय. नवं वाक्य जुळवायची जागा गेली. त्या काहीतरी सांगायला जातात आणि जे पाठ आहे तेच बाहेर पडतं. आपण काय बोलतोय हे त्यांना कळत असेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. परत येताना गाडीत माझा नवरा म्हणाला, "देवाने आईचं सगळं नेलं, पण प्रार्थना तेवढी राखली बघ." डॉक्टरांचं बोलणं आम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसून ऐकलं होतं.

मग माझी शोधाशोध सुरू झाली. पाटीवर लिहून बघायला दिलं, तर डाव्या हाताने नुसत्या रेघोट्या आल्या. चित्रं दाखवली, तर प्रत्येक चित्राला मान हलली. तहान, भूक, लघवी, थंडी हे चेहऱ्यावरून हळूहळू ओळखायला शिकले. पण रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, वेगळंच काहीतरी असे. त्या डावा हात दाराकडे करायच्या आणि प्रार्थना सुरू करायच्या, घाईने, काकुळतीने. एकदा, दोनदा, दम लागेपर्यंत. काय सांगायचं होतं त्यांना? मी ट्रंक उघडून एकेक लुगडं समोर धरलं. वारलेल्या सासऱ्यांचा फोटो दिला. व्हीलचेअरवर बसवून चर्चला नेलं, दफनभूमीत नेलं, कोप्यांपर्यंत नेलं, मिशनच्या त्या बंद पडलेल्या दवाखान्याच्या फाटकापाशीही नेलं. त्या सगळं बघायच्या आणि मान फिरवायच्या. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच हात दाराकडे. परीक्षेत पोरांना येत नाही ते मी रोज शिकवते, आणि घरात एका माणसाचं एक वाक्य मला लागत नव्हतं.

बाकीच्यांना ते आधीच लागलं होतं. पाळकसाहेबांनी उपदेशात सासूबाईंचा दाखला दिला. सगळं गेलं तरी ओठांवर प्रार्थना, याला म्हणतात विश्वास. पुण्याच्या नणंदेने व्हिडिओ कॉलवरून प्रार्थना रेकॉर्ड केली आणि ती कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरली. दुसऱ्या गावांच्या मंडळ्यांतून माणसं टेम्पो करून त्यांना ऐकायला यायला लागली. मी चहा करायचे. ही सगळी चांगली माणसं होती, ती डोळे पुसत परत जायची, मग मी कुणावर चिडू?

एकदा ऊसतोडीची एक म्हातारी आली, कडेवर नात घेऊन. "नर्सबाई, वळखलं का मला? माजी दोनी बाळातपनं तुमीच केली. लई उपकार हायत तुमचे." सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी तिचा हात पकडला, दाराकडे बघितलं आणि भरभरून प्रार्थना सुरू केली. म्हातारीला ती प्रार्थना माहीत नव्हती. मला वाटलं, हिला तरी हे बोलणं वाटेल. तिने मला विचारलं, "मंतर म्हनत्यात व्हय?" आणि नातीचं डोकं पुढे करून सासूबाईंच्या हाताखाली धरलं. पोर भेदरून रडायला लागली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण त्या थकून उशीवर मागे पडल्या.

मी शाळेत असताना मंडळीतल्या बायका आळीपाळीने त्यांच्याजवळ बसत. कुणी भरवायचं, कुणी अंग पुसायचं. ते उपकार फिटणारे नाहीत, म्हणून पुढचं सांगायला जीभ जड होते. एका शुक्रवारी त्यांनी आमच्या घरी उपवास-प्रार्थना ठेवली. एरवी सासूबाई गाऊनमध्ये असत. त्या दिवशी पाळकीणबाईंनी प्रेमाने त्यांचे केस विंचरले, त्यांना पांढरी साडी नेसवली, पदर घसरू नये म्हणून खांद्यावर मागे पिन लावली. मी शाळेतून आले तेव्हा प्रार्थना संपत आली होती. खोलीत दाटीवाटीने बायका, सगळ्यांचे डोळे मिटलेले, गाल ओले. आणि मध्ये सासूबाई, घसा बसलेला, प्रार्थना म्हणताहेत, संपली की पुन्हा, संपली की पुन्हा. पाळकीणबाई निघताना मला मिठी मारून म्हणाल्या, "आज आईंवर आत्मा उतरला होता हो. तासभर थांबल्याच नाहीत."

सगळ्या गेल्यावर मी साडी सोडायला घेतली. पिन उघडली होती. उघडून खांद्यामागे रुतून बसली होती, आणि ब्लाउजला रक्त लागून वाळलं होतं. डावी बाजू, म्हणजे जिथे त्यांना सगळं कळतं ती. हात वळवून दाखवता आलं असतं, पण त्यांचा चालतो तो एकच हात, आणि तोच हातात घेऊन बायका तासभर प्रार्थना करत होत्या.

मी पिन काढली. सासूबाईंनी डोळे मिटले आणि हूं केलं. मी तिथेच जमिनीवर बसून हुंदके देऊन रडले. कुणाला शिव्या द्याव्यात तर कुणी हातात येत नव्हतं.

नवरा आल्यावर मी ती पिन त्याच्यासमोर ठेवली. "ही तुझी राखलेली प्रार्थना," मी म्हटलं. माझी जीभ अशी आहे. त्याने पिन उचलून तळहातावर घेतली. मग म्हणाला, "मला कळत नाही असं वाटतं का तुला? डॉक्टर बोलले तेव्हाच कळलं होतं. पण ती प्रार्थना म्हणते तेव्हा मला वाटतं आई अजून आहे. ती प्रार्थना नाही असं म्हटलं, तर मग नुसती आई ओरडतेय आणि मला काही करता येत नाहीये, एवढंच उरतं. ते मी कसं ऐकू?" मी त्याला जेवायला वाढलं. तो जेवला नाही, मीही जेवले नाही.

पुढच्या शुक्रवारी मी रजा घेतली. बायका आल्या, गोल करून बसल्या. पिनेचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाळकीणबाईंना ते सोसलं नसतं. गाणं झालं, आणि सासूबाईंनी दाराकडे हात करून सुरुवात केली. सगळ्या माना खाली गेल्या. शेजारच्या बाईने त्यांचा तो हात धरायला आपला हात पुढे केला.

"थांबा," मी म्हणाले.

कुणाला खरं वाटलं नाही. प्रार्थना चालू असताना कुणी बोललेलं त्या बायकांनी जन्मात ऐकलं नव्हतं. सासूबाई थांबल्या नाहीत, थांबणं त्यांच्या हातात नव्हतंच. मी पुढे झाले आणि त्यांच्या ओठांवर अलगद हात ठेवला. प्रार्थना मध्येच तुटली.

"अहो बाई, हे काय करता? प्रार्थना चाललीय त्यांची," पाळकीणबाई म्हणाल्या.

"प्रार्थना नाही ती. त्यांना काहीतरी सांगायचंय. त्या आपल्याशी बोलताहेत, आणि आपण सगळे डोळे मिटून बसतो."

पाळकीणबाईंनी सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी खरोखर विचारलं, "मग काय सांगताहेत त्या?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मला ते माहीत नव्हतं. एवढा तमाशा करून मला ते माहीत नव्हतं.

बायका चहा न घेता गेल्या. जाताना पाळकीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्याने मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दार लोटलं. खुर्ची ओढून सासूबाईंच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले.

"हं, आई. बोला. मी ऐकतेय."

त्यांनी सुरुवात केली. मी मान खाली घातली नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शब्द तेच, ओळी त्याच, पण ती प्रार्थना नव्हतीच. पहिल्या ओळीत त्या मला काहीतरी समजावत होत्या. मग बोट दाराकडे गेलं आणि आवाजात तक्रार आली. एका ठिकाणी त्या कुणावर तरी चिडल्या, माझ्यावर नसेल, पण सांगता येत नाही. मग एकदम आवाज मऊ झाला, एखाद्याची चौकशी करावी तसा, आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढं लांब, एवढं जिव्हाळ्याचं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी "हं" म्हणत होते, "बरं" म्हणत होते, जसं माणसाशी बोलताना म्हणतात तसं. शेवटचा शब्द आला. मी आमेन म्हणाले नाही.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कळलं का, असं विचारत होत्या, यात मला तिळमात्र शंका नाही. हो म्हणणं सोपं होतं. सगळे हो म्हणूनच जात होते.

"नाही कळलं, आई," मी म्हणाले.

त्यांनी डावा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. दम घेतला. आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.